१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : एवढ्या मोठ्या संख्येचे गुणधर्म काढायचे कसे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या तुमच्या हाती आली आहे. ती मूळ आहे का, वर्गसंख्या आहे का, तिला विभाजक किती, तिच्या सर्वांत जवळची मूळ संख्या कोणती, थोडक्यात तिचे ‘सगळे गणिती गुणधर्म’ तुम्हाला हवे आहेत. उद्या अशीच दुसरी लांबलचक संख्या समोर आली तर सुरुवात कुठून करायची, हेही. शिवाय स्प्रेडशीट आणि प्रोग्रॅम दोन्ही भलतंच काहीतरी दाखवतात, अशी तुमची तक्रार आहे.

तक्रार आधी घेतो, कारण बहुतेकांचे दोन-तीन दिवस तिथेच वाया जातात. स्प्रेडशीट साधारणपणे पहिले पंधरा अंक जपते आणि पुढे शून्यं भरते. तुमच्या संख्येचे शेवटचे पाच अंक, ५१६१५, तिथे गळून पडतात आणि उरते लाखाने नि:शेष भाग जाणारी वेगळीच संख्या. प्रोग्रॅममध्ये ती फ्लोटिंग पॉइंट प्रकारात (दशांश चिन्ह असलेल्या संख्या जिथे ठेवतात त्यात) ठेवली तर गोष्ट आणखी फसवी. त्या प्रकारात ९००७१९९२५४७४०९९२ (म्हणजे २ चा ५३ वा घात, पुढे असे घात २^५३ असे लिहितो) इथपर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या मावतात, त्यापुढे गाळलेल्या जागा सुरू होतात. तुमची संख्या जवळच्या मावणाऱ्या संख्येवर सरकते, आणि ती असते १८४४६७४४०७३७०९५५१६१६. फरक फक्त एकाचा. पण तुमची संख्या विषम, ही सम. आणि ही चक्क पूर्ण वर्गही आहे. एकदा एका मुलाने मला पानभर मांडणी आणून दाखवली होती, की या संख्येचं वर्गमूळ बरोब्बर ४२९४९६७२९६ येतं. मी अर्धा तास त्याच्या तर्कातली चूक शोधत बसलो. तर्कात चूक नव्हतीच. वर्गमूळही बरोबर होतं, फक्त शेजारच्या संख्येचं. तेव्हापासून कुणी मोठी संख्या आणली की मी आधी विचारतो, ‘हे अंक कशात साठवले होते?’ पायथनसारख्या भाषेत पूर्णांक कितीही लांब असला तरी सगळे अंक जपले जातात. तसं काहीतरी वापरा, नाहीतर कागद-पेन्सिल.

आता मुख्य मुद्दा. ‘सगळे गुणधर्म’ हा शब्दप्रयोग बाजूला ठेवू या, कारण कोणत्याही संख्येचे गुणधर्म संपत नाहीत. खरा प्रश्न किमतीचा असतो: कोणता गुणधर्म बघताक्षणी कळतो, कोणत्याला थोडे कष्ट पडतात आणि कोणत्यापुढे मोठमोठे संगणकही हात टेकतात. ५ ने भाग जातो का, हे शेवटचा अंक सांगतो. संख्या मूळ आहे की संयुक्त, हे ठरवायला थोडी मेहनत लागते. तिचे मूळ अवयव पाडणं हे सर्वांत महाग काम. आणि विभाजक किती, त्यांची बेरीज किती, सहमूळ (म्हणजे तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती असे बाकीचे प्रश्न अवयव हातात आले की दोन-दोन ओळींत सुटतात. म्हणजे तुमच्या चार-पाच प्रश्नांपैकी खरा अवघड प्रश्न एकच आहे. त्याचं उत्तर सोपं की अशक्य, हे मात्र अंकांच्या संख्येवर जेवढं अवलंबून असतं, त्याहून जास्त ती संख्या आली कुठून यावर असतं. ती कुठून आली हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आधी काही माहीत नाही असं धरून चालू.

फुकटातलं आधी पदरात पाडून घेऊ. शेवटचा अंक ५, म्हणून ५ ने भाग जातो. शेवटचे दोन अंक १५, म्हणून २५ ने जात नाही. अंकांची बेरीज ८७. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ७, ११ आणि १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या पाठ करण्याची गरज नाही. ७ × ११ × १३ = १००१, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एकाआड एक अधिक-उणे करायचे:

६१५ − ५५१ + ७०९ − ०७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६

१०१६ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने भागलं तर ४, १३ ने भागलं तर २. वीस अंकी संख्येच्याही बाक्या नेमक्या याच. एका बेरजेत तीन मूळ संख्या निकालात निघाल्या. मुलांना मी ही एकच कसोटी शिकवतो, बाकीच्या त्यांच्या त्यांना सापडतात.

वर्गसंख्येचा प्रश्नही इथेच मिटला. ५ ने संपणारा कोणताही पूर्ण वर्ग २५ नेच संपतो. ही १५ ने संपते. वर्गमूळ काढायची गरजच पडली नाही.

इथपर्यंत कुणीही येतो. पुढची पायरी बरेच जण गाळतात: संख्येपेक्षा तिच्या शेजाऱ्यांकडे बघणं. मी नेहमी एक मिळवून आणि एक वजा करून बघतो. तुमच्या संख्येत एक मिळवला की शेवटी ६१६ येतं. दोनाने भागा, पुन्हा भागा, पुन्हा भागा. आठ-दहा वेळा भाग गेला की संशय यायला हवा, कारण सहज उचललेली संख्या इतक्या वेळा दोनाने भागली जाणं दुर्मीळ. इथे भाग चौसष्ट वेळा जातो आणि शेवटी उरतो १. म्हणजे तुमची संख्या आहे २^६४ − १. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, अशी ती जुनी गोष्ट आहे ना, तिच्यातल्या सगळ्या दाण्यांची बेरीज हीच. संगणकाच्या ६४ बिटांत (० किंवा १ च्या ६४ जागांत) मावणारी सर्वांत मोठी संख्याही हीच. त्यामुळे ती तुमच्यापर्यंत पोचली असेल तर बहुधा याच वाटेने. (आपली जुनी नावं इथे अपुरी पडतात. भास्कराचार्यांच्या अठरा स्थानांच्या यादीत शेवटचं नाव परार्ध, म्हणजे १ वर सतरा शून्यं. ही संख्या १८४ परार्धांच्याही थोडी पुढे आहे.)

एवढं कळल्यावर जे महाग काम होतं ते स्वस्त झालं. शाळेतलं वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावा. ६४ सम आहे, म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

पहिल्या कंसावर पुन्हा तेच, त्याच्या पहिल्या कंसावर पुन्हा तेच. शेवटी उरतं:

२^६४ − १ = (२ + १)(२^२ + १)(२^४ + १)(२^८ + १)(२^१६ + १)(२^३२ + १)
= ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिले पाच अवयव मूळ आहेत. ६५५३७ साठी २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल, ते एका संध्याकाळचं काम. शेवटचा दहा अंकी अवयव मात्र इतिहासप्रसिद्ध आहे. फर्मा यांना १६४० च्या सुमारास वाटलं होतं की या मालिकेतली (२ चा घात दर पायरीला दुप्पट करायचा आणि १ मिळवायचा) प्रत्येक संख्या मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलर यांनी ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं.

ऑयलर यांनी आंधळेपणाने भागाकार केले नव्हते, आणि त्यांची ती युक्ती तुमच्या उपयोगाची आहे, म्हणून इथे जरा थांबतो. समजा p ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. मग p ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे p ला एकच कमी) आणि २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात घेत गेलं तर बाक्या दर ६४ पायऱ्यांनी पुन्हा त्याच येतात, त्याआधी नाही. फर्मा यांच्याच छोट्या सिद्धांतानुसार या चक्राच्या लांबीने p − १ ला भाग गेला पाहिजे. म्हणून p हा ६४k + १ (k ही कोणतीही पूर्ण संख्या) अशाच रूपाचा असणार. या रूपातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात उत्तर! पुढे ल्यूका यांनी ही अट आणखी आवळली: p हा १२८k + १ या रूपाचाच हवा. मग यादीत २५७ आणि ६४१ एवढेच उरतात. त्यातही २५७ बाद, कारण २५७ हा २^३२ − १ ला भागतो. तो २^३२ + १ लाही भागत असता तर दोघांच्या वजाबाकीला, म्हणजे २ ला, त्याने भाग गेला असता. राहिला एकटा ६४१.

६४१ ने भाग जातोच, हे भागाकार न करताही दाखवता येतं. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ लिहिता येतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. इतकी वर्षं शिकवतोय, पण फळ्यावर ही तीन वाक्यं लिहिताना मला अजून मजा येते.

भागाकार येतो ६७००४१७. हा मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. सरळ मार्गाने गेलात तर सुमारे पावणेचारशे मूळ संख्यांनी भागावं लागेल. पण याचे अवयवही १२८k + १ या रूपाचेच हवेत, आणि २५८८ पर्यंत त्या रूपातल्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्या चारांनी भागून पाहिलं तर बाक्या येतात ४४, १२०, ३३४, ६२२. कुणाचाच भाग जात नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. पावणेचारशे भागाकारांच्या जागी चार. तर पूर्ण उत्तर:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

आता तुमचे उरलेले प्रश्न झपाझप. सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच; म्हणून विभाजक २^७ = १२८. विभाजकांची बेरीज हवी असेल तर प्रत्येक अवयवात एक मिळवून गुणाकार करा: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८. ही बेरीज संख्येच्या सुमारे १.७ पट भरते. दुप्पट नाही, म्हणजे ही परिपूर्ण संख्या नाही. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, हे प्रत्येक अवयवातून एक वजा करून केलेला गुणाकार सांगतो: ९२०८९८१६२८६७०४४३५२०, निम्म्याहून किंचित कमी.

दोन-तीन गुणधर्म तुम्ही विचारले नाहीत, पण मला आवडतात म्हणून सांगतो. शेवटचे तीन अंक ६१५, त्यांना ८ ने भागलं तर बाकी ७. कोणत्याही वर्गाला ८ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा ४ च येते, आणि यांतल्या तिघांची बेरीज करून ७ ची बाकी कधीच मिळत नाही. म्हणून ही संख्या तीन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही, चार लागतातच. चार नेहमी पुरतात, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केलं.

ती त्रिकोणी संख्या आहे का, म्हणजे १ + २ + ३ + … अशा बेरजेतून येते का? त्यासाठी तिच्या आठपटीत एक मिळवून पूर्ण वर्ग यायला हवा. इथे ते होतं २^६७ − ७. आणि २^n − ७ हे पूर्ण वर्ग केव्हा असतं, हा रामानुजन यांनी १९१३ मध्ये मांडलेला प्रश्न आहे. n = ३, ४, ५, ७ आणि १५ एवढ्याच वेळा, हे त्यांचं अनुमान नागेल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं. ६७ त्या यादीत नाही, म्हणून ही त्रिकोणी संख्या नाही. (एवढी मोठी तोफ नको असेल तर २^६७ − ७ ला ११ ने भाग जातो पण १२१ ने जात नाही, हे तपासा. तेवढंही पुरतं.)

तिसरा गुणधर्म भूमितीतला. ६४१ आणि ६७००४१७ वगळून उरलेल्या पाच अवयवांचा गुणाकार ४२९४९६७२९५. एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपासने, निदान तत्त्वतः, काढता येतो. आज माहीत असलेल्या अशा विषम बाजूंच्या बहुभुजांत हा सर्वांत मोठा. गाउस यांनी १७९६ मध्ये सतरा बाजूंचा बहुभुज सोडवला, त्याच धाग्याचं हे टोक. तुमच्या संख्येएवढ्या बाजूंचा मात्र काढता येत नाही. ६४१ आड येतो.

उलट, अंकांची बेरीज ८७ आहे, शून्य दोनदा येतं, उलटसुलट वाचून सारखी नाही, असल्या गोष्टींना मी संख्येचे गुणधर्म मानत नाही. ते दशमान पद्धतीचे गुणधर्म. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर सलग चौसष्ट एक, आणि मग ती दोन्हीकडून वाचा, सारखीच. ज्यांना अंकांचे खेळ आवडतात त्यांनी जरूर खेळावेत, फक्त पाया बदलला की खेळ बदलतो हे ध्यानात ठेवून.

आता ‘संख्या आली कुठून यावर अवलंबून’ असं मी म्हणालो, त्याचा अर्थ काय, ते याच संख्येच्या शेजारणीवरून बघा. तुमच्या संख्येत २ मिळवले की येते १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे २^६४ + १. तेवढेच वीस अंक, फरक फक्त शेवटच्या अंकात. पण इथे वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लागत नाही, आणि दुसरं सोपं सूत्रही नाही. तिचे अवयव लांद्री यांनी १८८० मध्ये जाहीर केले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. २^६७ − १ चंही तसंच. ल्यूका यांनी १८७६ मध्ये ती मूळ नाही हे सिद्ध केलं, पण अवयव एकही हाती नव्हता; ते १९०३ मध्ये कोल यांनी दिले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. ‘मूळ नाही हे माहीत आहे, पण कशाने भाग जातो ते माहीत नाही’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण गणितात ही रोजची अवस्था आहे.

हे कसं शक्य आहे, तेही तुमच्याच संख्येवर दाखवता येतं. तिला N म्हणू. N मूळ असती तर छोट्या फर्मा सिद्धांताने २^(N−१) ला N ने भागल्यावर बाकी १ आली असती. आता २^६४ ला N ने भागलं तर बाकी १ हे उघडच आहे, आणि N − १ ला ६४ ने भागलं तर बाकी ६२. म्हणून २^(N−१) ची बाकी २^६२, जी १ नाही. संपलं: N संयुक्त, आणि आपण एकही अवयव शोधलेला नाही. पण या कसोटीवर डोळे मिटून विसंबू नका. तीच कसोटी ४२९४९६७२९७ ला २ हा पाया घेऊन (म्हणजे वरच्यासारखे २ चेच घात घेऊन) लावली तर बाकी १ येते, म्हणजे ही संयुक्त संख्या मूळ असल्याचा आव आणते. पाया ३ घेतला की पकडली जाते. म्हणून व्यवहारात याच कसोटीचं सुधारलेलं रूप, मिलर-राबिन, वापरतात आणि अनेक पाये घेऊन तपासतात. ६४ बिटांत मावणाऱ्या, आणि त्यांच्या जरा पुढच्याही, कोणत्याही संख्येसाठी २ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पाये म्हणून घेतल्या तर उत्तर खात्रीचं असतं, ‘बहुतेक’ नव्हे. त्याहून कितीही मोठ्या संख्येसाठी ठाम उत्तर वाजवी वेळात देणारी पद्धत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये शोधली. सिद्धांत म्हणून ती फार मोलाची, पण रोजच्या कामात मी ती वापरत नाही. दुसऱ्या पद्धती वेगवान पडतात.

तर उद्याच्या अनोळखी संख्येसाठी माझी रीत अशी. ती कुठून आली हे विचारायचं. एक मिळवून, एक वजा करून, तिच्यात एखाद्या घाताचं रूप दडलंय का बघायचं. मग हजार-दहा हजारपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागायचं, आणि दर वेळी भाग गेला की उरलेल्या संख्येचं नवं वर्गमूळ धरून पुढे जायचं; बरेच जण जुन्याच वर्गमूळापर्यंत धावत राहतात. मग उरलेला तुकडा मूळ आहे का, ते तपासायचं. नसेल तरच अवयवांच्या मागे लागायचं. हा क्रम उलटा करू नका. मूळ संख्येचे अवयव शोधत रात्रभर संगणक चालवलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांतला एक मी स्वतः आहे.

अवयवांच्या मागे लागायचंच झालं तर पोलार्ड यांची १९७५ ची पद्धत आधी करून बघा, ती दहा ओळींत लिहून होते. २ घ्या, वर्ग करून १ मिळवा, संख्येने भागून बाकी घ्या, पुन्हा तेच. दडलेला अवयव p असेल तर त्याच्या दृष्टीने या बाक्या साधारण √p पायऱ्यांत चक्रात अडकतात. मग दोन बाक्यांची वजाबाकी आणि मूळची संख्या यांचा मसावि काढला की p बाहेर पडतो. मसावि काढणं नेहमी स्वस्त असतं, सगळी मेख तिथे आहे. लांद्री यांच्या २७४१७७ साठी हे पाचशेच्या आसपास पायऱ्यांचं काम, थोडं इकडे-तिकडे. याच घराण्यातल्या २^२५६ + १ चा सोळा अंकी अवयव ब्रेंट आणि पोलार्ड यांनी १९८० मध्ये याच वाटेने काढला. पण दोन्ही अवयव अवाढव्य असतील तर ही पद्धत थिटी पडते. प्रत्येकी १२५ अंकी दोन मूळ संख्यांचा २५० अंकी गुणाकार २०२० मध्ये फोडला गेला, तोही वेगळ्या पद्धतीने आणि प्रचंड संगणकशक्ती खर्चून. तुमची संख्या तशा ठिकाणाहून आली असती तर माझं उत्तर चार ओळींचंच झालं असतं.

राहिला शेवटचा प्रश्न, जवळच्या मूळ संख्येचा. खाली उतरत गेलात तर पहिली मूळ संख्या १८४४६७४४०७३७०९५५१५५७, तुमच्या संख्येपेक्षा ५८ ने कमी. वर चढलात तर १८४४६७४४०७३७०९५५१६२९, फक्त १४ ने जास्त. म्हणून सर्वांत जवळची वरची. या दोघींमध्ये ७२ चं अंतर आहे, आणि मध्ये एकही मूळ संख्या नाही. एवढ्या मोठ्या संख्यांच्या परिसरात सरासरी अंतर ४४ च्या आसपास असतं, त्यामुळे ७२ मोठं असलं तरी नवलाचं नाही. ती वरची संख्या मूळ आहे हे शाळेतल्या पद्धतीने तपासायचं तर वीस कोटींहून जास्त मूळ संख्यांनी भागावं लागेल. सेकंदाला एक भागाकार, झोप न घेता, तर साधारण साडेसहा वर्षं. वर सांगितलेले बारा पाये घेतलेत तर डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. फक्त तिला स्प्रेडशीटमध्ये टाकू नका.